ट्यूब, चामडं, ॲल्युमिनिअमचा नेकलेस करायचाय? आधी मानेमागं काय येतंय ते बघ

निपाणीच्या एका मुलीचा प्रश्न आहे. बीव्हीएच्या, म्हणजे आर्ट कॉलेजच्या डिग्रीच्या, शेवटच्या वर्षाला आहे ती, डिस्प्लेसाठी नेकलेसची सिरीज करायचीय, सोनं चांदी मोती काही न वापरता. मटेरिअलची यादी पण दिलीय: ट्रॅक्टरची फुटकी ट्यूब, कोल्हापुरी चपलेचं चामडं, लेथवर निघतात ती ॲल्युमिनिअमची वेटोळी, जुने सर्किट बोर्ड, बिया, रेझिन. विचारलंय की यातलं कुठलं घेऊ, जोडायचं कसं, अंगाला काही होणार नाही ना, आणि विकलं जाईल का, कारण आई घरी म्हणायलीय "हे भंगार गळ्यात घालून कोण फिरतंय".

उत्तर लांब होणार आहे, चहा घेऊन बस. आणि माझ्या भाचीच्या वयाची असशील म्हणून सरळ अगं-तुगं करायलेय, राग मानू नको.

तुझी यादी जरा बाजूला ठेवू. सुरुवात मटेरिअलपासून केलीस, सगळीच पोरं करतात, काहीतरी कुणी वापरलं नाही असं शोधायचं आणि ते गळ्यात अडकवायचं. पण ट्यूब कापून गळ्यात घातली की ती गळ्यातली ट्यूबच राहते, तिचा दागिना व्हायला अजून बरंच काही लागतं. आमचं घर पटवेकऱ्यांचं, बेळगावच्या शहापुरात. सोनार पुतळ्या करून द्यायचा, बोरमाळेचे मणी द्यायचा, पण ते गळ्यात बसवायचं काम आमचं, दोरा, गाठी, गोंडा, मागची सरकती दोरी. त्यामुळं मला कुठलाही दागिना आधी पाठीमागून दिसतो. मानेवर काय येतंय, वजन कुठं पडतंय, भोकाची कड दोरा कापायलीय का, केस अडकायलेत का. सोन्याचा असो नाहीतर ट्यूबचा, गळा तोच आहे. आणि वेगळं मटेरिअल घेणाऱ्याला हे सोनारापेक्षा जास्त यायला पाहिजे, कारण सोनं टोचलं तरी बाई लग्नात चार तास सहन करते, तुझी ट्यूब टोचली तर पाच मिनिटांत काढून पर्समध्ये टाकणार.

आता "अनकन्व्हेन्शनल" लिहिलंयस त्याबद्दल. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर गेलीस की जोगतिणींच्या गळ्यात कवड्यांच्या माळा बघ. गोंधळ्यांच्या गळ्यात पण कवड्याच. कारहुणवीला, बैलांच्या सणाला, आपल्याकडं बैल सजवतात तेव्हा त्यांच्या गळ्यात लोकरीचे गोंडे, घुंगरं, कवड्या, चामड्याचा पट्टा, हे सगळं एकत्र येतं आणि कलरचा सेन्स काय असतो बघ, कुठल्या डिझाइन कॉलेजात शिकवत नाहीत तसा. मंगळसूत्रातले काळे मणी काचेचे. बोरमाळेचा मणी वरून सोन्याचा पातळ पत्रा आणि आत लाख, कोल्हापुरी साजाच्या पानांत पण लाखच भरलेली. म्हणजे लाख, काच, कवडी, दोरा हे आपल्या बायका कधीपासून गळ्यात घालायलेत. फरक एवढाच की लाख आत लपवलेली असते, कवडी उघडी असते. तुझ्या सिरीजमधे तू काय लपवणार आणि काय दाखवणार हे ठरव, मटेरिअल त्याच्यानंतर आपोआप ठरायला लागतं.

बाहेरच्या देशांत हे दाखवायचं काम १९६० च्या दशकात जोरात सुरू झालं. नेदरलँड्सचा खाइस बाकर आणि त्याची बायको एमी फान लीर्सम, दोघांनी १९६७ साली ॲमस्टरडॅमच्या स्टेडलिक म्युझियममधे ॲल्युमिनिअमचे मोठमोठे कॉलर दाखवले. बाकरचा एक तर चुलीच्या धुराड्याच्या पाइपवरून केलेला, खांद्यावर बसणारा. दागिन्याची किंमत वजनावर आणि श्रीमंतीवर का ठरावी, हा त्यांचा मुद्दा. मग १९८० मधे ओटो क्युन्झ्ली, स्विस माणूस, म्युनिकला काम करणारा, त्यानं काळ्या रबराच्या नळीचं कडं केलं आणि आत सोन्याची गोळी घालून बंद केली. बाहेरून नुसता फुगवटा दिसतो. नाव ठेवलं "सोनं आंधळं करतं". आत सोनं आहे हे तू त्याच्या शब्दावर मानायचं, नाहीतर रबर झिजून फाटेपर्यंत वाट बघायची. ह्यात कारागिराला दिसणारी एक गोष्ट आहे, आत चांदी ठेवली असती तर ती काळी पडली असती, कारण रबर पक्कं करताना त्यात गंधक घालतात आणि चांदीला गंधक लागला की संपलं. सोन्याला काही होत नाही. म्हणून तुला आत्ताच सांगते, ट्यूबच्या नेकलेसला चांदीचा हूक लावू नको, आणि दोन्ही एका डबीत पण ठेवू नको.

त्याच क्युन्झ्लीनं १९८५-८६ मधे लोकांनी वापरून झालेल्या ४८ लग्नाच्या अंगठ्या एकात एक अडकवून साखळी केली. दिसायला साधी सोन्याची चेन. पण कुणाकुणाच्या त्या अंगठ्या, कुणाचं लग्न मोडलं, कोण मेलं, हे डोक्यात आलं की गळ्यात घालायला हात धजत नाही. मटेरिअल शंभर टक्के नेहमीचं, सोनं, आणि तरी माझ्या मते ह्या सगळ्या प्रकारात त्याच्या वरचढ नेकलेस झाला नाही. उलट डेव्हिड बिलँडर बघ, तो चांदीचा पत्रा असा वळवतो आणि असा रंग चढवतो की तुला वाटावं किराणा दुकानातल्या खोक्याचा पुठ्ठा कापून कडं केलंय, स्टेपलरच्या पिना पण मारलेल्या, आणि त्या पिना पांढऱ्या सोन्याच्या. त्यामुळं भंगारातलं काही उचललं की आपण मॉडर्न झालो ह्या समजुतीत राहू नको.

न्यूझीलंडचं उदाहरण मात्र तुझ्या कामाचं आहे. १९८८ मधे त्यांनी "बोन स्टोन शेल" नावाचं दागिन्यांचं प्रदर्शन परदेशात पाठवलं, हाड, दगड, शिंपले, त्यांच्याच किनाऱ्यावरचं आणि डोंगरातलं. पॅसिफिकमधल्या लोकांचं जुनं काम समोर ठेवून युरोपची नक्कल सोडली त्यांनी. तू निपाणीत बसून इंटरनेटवरून कोरियाचं कसलं फायबर मागवण्यापेक्षा तीस-चाळीस मैलांत काय आहे ते आधी बघ की.

तर चामडं. तुझ्या यादीत मला सगळ्यात आवडलं ते हे, आणि ते तुझ्या दाराशी आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मधे जीआय, म्हणजे ही वस्तू ह्याच भागातली अशी सरकारी नोंद, मिळाला तो महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्ही राज्यांना मिळून, तिकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि इकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. चपलेच्या बाबतीत तरी दोन्ही सरकारं एका कागदावर आली म्हणायचं. निपाणीत, अथणीत चपला करणारी घरं आहेत, त्यांच्याकडं तुकडे पडलेले असतात. हे चामडं बाभळीची साल आणि हिरडा ह्यात कमावलेलं असतं, आणि त्याचा गुण असा की भिजवून आकार दिला आणि तसंच वाळवलं की तो आकार धरतं. क्रोमनं कमावलेलं चामडं, म्हणजे बॅगा, जॅकेटवालं, ते असा आकार धरत नाही. ओळखायचं कसं, कड कापून बघ. आतपर्यंत तपकिरी दिसलं तर झाडपाल्यातलं, मधे निळसर-राखाडी पट्टी दिसली तर क्रोमचं.

भिजवायचं ते कोमट पाण्यात, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. कढत पाणी घेऊ नको, चामडं आक्रसतं आणि वाळल्यावर कडाकडा मोडतं. मग वाटी, पेला, दगड, जे काय असेल त्याच्यावर ताणून बसव, सुतळीनं बांध आणि सावलीत वाळव. उन्हात घाई केलीस तर वाकडं होतं. पूर्ण वाळायच्या आधी, हाताला गार लागतं पण ओलं नसतं त्या वेळेला, त्यावर ठसे चांगले उठतात. कापायला चांभाराची रापी आणि भोकाला आरी, कटर ब्लेडनं कड फाटते. जोड शक्यतो वादीनंच, चामड्याच्या बारीक पट्टीनंच, घाल. चपलेवरची वेणी बघितलीस ना, ती वादी चामड्यातून वर-खाली ओवून घातलेली असते, डिंक-फेविकॉल काही नाही, आणि पाच वर्षं पायाखाली टिकते, गळ्यात तर तिला काहीच कष्ट नाहीत. गोंद लावलेला जोड घामानं सुटतो, आणि सुटला की तिथं मळ बसतो तो निघत नाही.

रंग दिलास तर टेस्ट कर, पांढरं सुती फडकं ओलं करून पन्नास-साठ वेळा घास, फडक्यावर रंग आला तर बाईच्या ब्लाउजवर पण येणार. अंगाच्या बाजूला रंग न देता तसंच सोडलेलं बरं, मेण घासायचं थोडं. आणि आपल्याकडचा पाऊस, खानापूर-जांबोटी पट्ट्यात तर विचारूच नको, चामड्याला बुरशी धरते, तेव्हा हवा लागेल असं टांगून ठेवायचं.

अजून एक. तुकडे ते लोक फुकट पण देतील, पण वेणी घालून घेतलीस तर मजुरी दे आणि डिस्प्लेच्या कार्डावर नाव घाल. २०२५ मधे प्राडानं मिलानला कोल्हापुरीसारखी चप्पल रॅम्पवर आणली आणि पहिल्यांदा कुठं नाव घेतलं नाही म्हणून केवढा गदारोळ झाला, आपण सगळ्यांनी शिव्या दिल्या. मग आपण स्वतः करताना पण ते लक्षात असू दे.

ॲल्युमिनिअमकडं येऊ. बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या भागात, फिरलीस की लेथखाली ती चकचकीत वेटोळी दिसतात आणि प्रत्येक आर्ट स्टुडंटला वाटतं नेकलेस तयारच आहे. ती गळ्याला लावू नको. कड ब्लेडसारखी असते, त्यावर कूलंटचं तेल असतं, आणि कितीही घासलीस तरी एखादं टोक राहतंच, मानेची कातडी पातळ असते. फार मोह झालाच तर पुढच्या बाजूला, कशात तरी बंद करून, अंगापासून लांब. त्यापेक्षा पाइपाचे, पत्र्याचे कापून राहिलेले तुकडे माग. वजनावर मिळतात. लोहचुंबक जवळ ठेव, लोखंड वेगळं होतं. भांड्याचा साबण आणि गरम पाण्यानं दोनदा धू.

ॲल्युमिनिअमची खरी मजा वजनात आहे. त्याच मापाचा तुकडा चांदीत केला तर जवळजवळ चौपट जड होतो. म्हणूनच बाकरला खांद्याएवढा कॉलर करता आला, चांदीत तो कुणी घातला नसता. म्हणजे तुला मोठं, अवाढव्य, छातीभर काही करायचं असेल तर हे मटेरिअल तुला परवानगी देतं, आणि त्याच्यात नाजूक नक्षी करत बसलीस तर त्याचा उपयोगच केला नाहीस. अडचण जोडाची. आपल्या नेहमीच्या डाकानं (सोल्डरनं) ॲल्युमिनिअम जोडलं जात नाही, वर ऑक्साइडचा पापुद्रा लगेच तयार होतो, आणि तापताना रंग बदलत नाही, ६६० अंशाला एकदम पाणी होऊन खाली पडतं. त्यामुळं गार जोड शिक. रिव्हेट, बारीक नटबोल्ट, पत्र्याचीच जीभ काढून खाचेतून दुमडणं, कड्या. रिव्हेट पितळेची घेऊ नको, पितळ आणि ॲल्युमिनिअम एकत्र आले आणि त्यात घामाचं मीठ पडलं की ॲल्युमिनिअम खायला लागतं, पांढरी पावडर धरते. ॲल्युमिनिअमचीच रिव्हेट घे नाहीतर मधे नायलॉनचा वॉशर टाक.

सराफ गल्लीतल्या कुणा सोनाराकडं बसून काम करायचा विचार असेल तर आधी सांगून ठेव काय आणणार आहेस. ॲल्युमिनिअमचा कीस चांदीवर पडला आणि तशीच चांदी तापवली की तिथं खड्डे पडतात, शिशाचं पण तेच. त्यामुळं तो तुला हाकलून देईल आणि बरोबरच करेल. कानस, करवतीची पाती, ब्रश, सगळं वेगळं ठेवायचं, त्यावर लाल रंगाची खूण कर.

नुसतं ॲल्युमिनिअम अंगाला लागून काळसर डाग पडतो, त्यासाठी ॲनोडायझिंग, म्हणजे करंट देऊन वर पक्का थर चढवणं, करून घेतात, रंग पण येतो. पण ते सल्फ्युरिक ॲसिडमधे होतं, घरच्या बाथरूममधे बादलीत करायचं नाही, जॉबवर्कला दे. टायटॅनिअमचा तुकडा कुठं मिळाला तर त्याला डाय लागतच नाही, नुसत्या करंटवर रंग येतात, २५-३० व्होल्टला निळा, पन्नास-साठच्या आसपास पिवळा, नव्वदच्या वर हिरवट. बघायला जादू आहे, पण त्या व्होल्टेजला ओल्या हातानं काम म्हणजे शॉक, एकटीनं करू नको.

ट्यूब. चांगली आहे, वळते, काळा रंग खोल आहे, आणि गळ्यावर पडते छान, म्हणजे लोंबते छान. पांढऱ्या पावडरीसकट येते आतून, ती धुऊन काढ, साबणानं, दोन-तीन पाण्यांत, वास तरी थोडा राहतोच, आठवडाभर वाऱ्यावर टांग. जुनी, भेगा पडलेली घेऊ नको, चुरा पडतो. कात्री एका दमात चालव, मधे थांबून परत घातलीस की तिथं दाता पडतो आणि ओढल्यावर तिथूनच फाटणार. रबराच्या आतून हवा जात नाही, पट्टा रुंद आणि घट्ट केलास तर मे महिन्यात खाली घामोळं येणार, म्हणून जाळी काप, पट्ट्या सुट्या सोड, मधे मोकळी जागा दे. डोक्याचं तेल रबराला वाईट, आपल्याकडं बायका तेल लावतात, तेव्हा मानेमागचा भाग रबराचा न करता दोऱ्याचा कर.

सर्किट बोर्ड नको. हिरवे तुकडे गोंडस दिसतात, कीचेन करून लोक विकतात, पण त्यात काचेचे तंतू असतात, कापताना तो धुरळा छातीत जातो, आणि जुन्या डाकात शिसं असतं. कॉलेजच्या वर्कशॉपमधे एक्झॉस्ट नसतो, तुम्ही मास्क लावत नाही, मला माहीत आहे.

बियांमधे एक सांगायचं होतं, गुंज. लाल-काळी, दिसायला सुंदर, आणि सोनं तोलायचं जुनं माप, ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा, म्हणजे तोळ्याला ९६ गुंजा. सोनं जिनं तोललं तिचाच हार, कल्पना म्हणून मला पण भुरळ घालते. पण गुंजेच्या आत जे विष आहे, ॲब्रिन, ते फार जहाल. साल अख्खी असेपर्यंत गप्प असतं, तू भोक पाडलंस की साल फुटली, धुरळा उडाला, आणि ज्या घरात रांगतं मूल आहे तिथं तो हार गेला तर? नको. चिंचोके घे, रिठ्याच्या काळ्या बिया घे, बजरबट्टू घे, तो तर पोरांच्या गळ्यात दृष्टीसाठी बांधायचेच. बिया आणल्या की पिशवीत बांधून आठवडाभर फ्रीझरमधे ठेव, आतली अळी मरते, नाहीतर डिस्प्लेच्या दिवशी टेबलावर भुंगे फिरतील. आणि खानापूर, लोंढ्याच्या जंगलात फिरायला जाता तेव्हा कुणी सांबराचं गळून पडलेलं शिंग आणून देतो म्हणाला तर हात लावू नको, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, गळून पडलेलं असलं तरी केस होते. म्हशीचं शिंग चालतं, ते मस्त काम आहे, पण तापवताना वास असा येतो की शेजारी भांडायला येतील.

खानापूरवरून आठवलं, तुझ्या यादीत माती नाही याचं नवल वाटलं. तिथं खादी ग्रामोद्योगचं कुंभारकामाचं सेंटर आहे, जाऊन ये. मातीचे मणी करताना भोक भाजायच्या आधी पाडायचं आणि हवंय त्याच्यापेक्षा मोठं, कारण वाळताना-भाजताना माती आकसते आणि भोक पण बारीक होतं. मणी आतून पोकळ ठेव, पण हवेला बाहेर यायला वाट ठेव, नाहीतर भट्टीत फुटतो. एकावर एक मणी आपटून टवके उडतात, म्हणून प्रत्येक दोन मण्यांत गाठ.

आणि बेळगावातल्या वडगाव, खासबागच्या मागावरचं सूत. ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, संपताना जे शेवटचे तुकडे राहतात ते विणकर असेच टाकून देतात, रंगीत, सरळ, एकाच लांबीचे. मला विचारशील तर ट्यूबपेक्षा हे घेऊन काम करणारी पोरगी मी शोधतेय.

आता मघाशी म्हटलं ते मानेचं. माप घ्यायचं ते टेपनं स्वतःच्या गळ्याचं नाही, पाच-सहा वेगवेगळ्या बायकांच्या. फासा (मागचा हूक) न लावता डोक्यातून घालायचा नेकलेस असेल तर डोक्याचा घेर साधारण २२-२३ इंच असतो, अंबाडा, क्लिप धरून आतला घेर २५ च्या खाली नको. वजनाचा माझा अंदाज असा की ७०-८० ग्रॅमपर्यंत बाई विसरून जाते की गळ्यात काही आहे, १५० च्या वर गेलं की संध्याकाळी मान दुखते, आणि तेही वजन जर बारीक दोरीवर असेल तर शंभरातच काचायला लागतं. जड काम करायचं तर मागचा भाग रुंद आणि चपटा कर म्हणजे वजन पसरतं. पुढं जड आणि मागं अगदीच हलकं असलं की हळूहळू नेकलेस फिरतो, हूक पुढं येतो, मग बाई दिवसभर तो फिरवत बसते. मागं थोडं वजन दे, गोंडा ह्याचसाठी असायचा, शोभा नंतरची.

फाशाच्या भानगडीत नवीन माणसानं पडू नये असं माझं मत. बाजारात मिळतात ते हूक बऱ्याचदा निकेलवाले, जर्मन सिल्व्हर म्हणतात त्यात चांदी नसतेच, तांबं, जस्त आणि निकेल. निकेलनं मानेवर पुरळ येणाऱ्या बायका खूप आहेत, युरोपात तर अंगाला लागणाऱ्या दागिन्यातून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरला ०.५ मायक्रोग्रॅमच्या वर निकेल सुटता कामा नये असा नियम आहे. लावायचाच तर ३१६एल नंबरच्या स्टेनलेस स्टीलचा लाव. नाहीतर ठुशीला, साजाला असते तशी मागची सरकती दोरी कर, एकच माप सगळ्या गळ्यांना चालतं, धातू अंगाला लागत नाही, आणि तुटली तर दहा मिनिटांत नवी घालता येते. दोरा कायमचा नसतोच, घामानं कुजतो, आमच्याकडं बायका दागिने परत गाठवून घ्यायला यायच्या आणि त्यात त्यांना काही कमीपणा वाटायचा नाही. तू पण असंच डिझाइन कर की दोरा बदलता येईल. आत सगळं चिकटवून बंद करून टाकलंस की तुटल्यावर कचराच. भोक पाडलं की दोन्ही तोंडं मोठ्या ड्रिलच्या टोकानं हातानंच फिरवून गुळगुळीत कर, धातू असो, माती असो, शिंग असो. दोरा ओढानं क्वचित तुटतो, भोकाच्या कडेवर घासून घासून तुटतो.

झालं की स्वतः घाल आणि दिवसभर काम कर. निपाणी ते बेळगाव एसटीत उभी राहून ये, खाली वाकून भांडी घास, मोबाइल बघ मान खाली घालून, ओढणी घे वरून. आरशासमोर दोन मिनिटं उभं राहून काही कळत नाही. फोटो पण मॅनिक्विनवर काढू नको, माणसावर काढ, नाहीतर मार्क देणाऱ्याला ते शिल्प वाटतं.

रेझिनचं विचारलंयस. करू नको असं म्हणत नाही पण कंटाळा आलाय आता, फूल घालून रेझिन, पान घालून रेझिन. दोन वर्षांत उन्हानं पिवळं पडतं, ओलं असताना हाताला लागत राहिलं की एकदा ॲलर्जी सुरू होते ती जन्मभर जात नाही, नायट्राइलचे ग्लोव्हज घालायचे, आणि पूर्ण सुकायच्या आधी अंगाला लावायचं नाही. थ्रीडी प्रिंट करणार असशील तर पीएलए प्लास्टिक साठ अंशाच्या आसपास मऊ पडतं, एप्रिलमधे बंद गाडीच्या डॅशबोर्डवर नेकलेस ठेवून बाई बाजारात गेली की आल्यावर त्याचा जिलेबीचा घाणा झालेला असतो.

विकायचं. आईचा प्रश्न बरोबर आहे. तिच्या हिशोबात दागिना म्हणजे अडीअडचणीला सोनाराकडं नेला की मोड मिळते, आणि तुझ्या चामड्याला मोड शून्य. हे मान्य करूनच पुढं जायचं, "पण आर्ट आहे" म्हणून भांडून उपयोग नाही. बेळगावच्या खडेबाजारात, गणपत गल्लीत हे खपणार नाही. ज्या बाईकडं सोनं आहेच आणि ते रोज घालायचा कंटाळा आलाय, ती घेते. पुणे, मुंबई, बेंगळूर, आणि आपल्याला जवळचं गोवा, चोर्ला घाट उतरला की झालं, तिथल्या छोट्या गॅलऱ्या, डिझाइनची दुकानं असला माल ठेवतात, पण निम्म्यापर्यंत कट घेतात, तो धरूनच किंमत लाव. मटेरिअल फुकट मिळालं म्हणून किंमत कमी ठेवू नको. तास मोज, गवंड्याची दिवसाची मजुरी काय चाललीय ती विचार आणि निदान तेवढी तरी तुझ्या दिवसाची धर, वर दोरा, हूक, प्रवास, बिघडलेले तुकडे. तो आकडा दुप्पट केलास की गॅलरीची किंमत. बघून तुलाच घाम फुटेल, तरी तीच लाव, खाली यायला नंतर कधीही येतं, वर जाता येत नाही.

सिरीजमधे पाच-सहाच्या वर नग करू नको आणि सगळी यादी एका सिरीजमधे कोंबू नको. चामडं आणि सूत, किंवा ट्यूब आणि सूत, दोनच घे. प्रत्येकाबरोबर एक कार्ड दे, कशाचं आहे, पाण्यात चालतं का, दोरा बदलायचा कसा, आणि कन्नडमधे पण लिही की, तुझे अर्धे बघणारे ते वाचणार आहेत. कुरिअरनं पाठवताना चामड्याला बबल रॅप घट्ट गुंडाळतात पोरं, ते करू नको, पावसाळ्यात आत ओल कोंडते. सुती कापडात गुंडाळ, मग पुठ्ठ्याचं खोकं, आणि खोक्याला वरून प्लास्टिक.